व्यवहाराला नाडी नसते

आमच्या हिवरसांगी नगरपरिषदेत प्रामाणिकपणा शेवटी यंत्राने आणावा लागला. माणसांकडून तो येईल याची वाट बघण्यात दोन-तीन पिढ्या गेल्या होत्या. त्यातून एवढंच झालं, की ज्या नगरसेवकाच्या मेव्हण्याची जमीन, तिच्या कडेनेच नवा रस्ता जायचा, आणि ज्याच्या भाच्याची वीटभट्टी, त्याच्याच वॉर्डात शाळेची भिंत दर चार पावसाळ्यांनी पडायची. कायदा होता. ज्या विषयात तुमचा हितसंबंध आहे त्यावर मत देऊ नका, असं त्यात स्वच्छ मराठीत लिहिलं होतं. सभा सुरू होताना सगळे जण 'माझा हितसंबंध नाही' असं लिहून द्यायचे, आणि त्याच हाताने ठरावाला अनुमोदन द्यायचे. याचं कुणाला हसूही येत नसे.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी या गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाले. यशोधन निकम, म्हणजे आमचे नगराध्यक्ष, माझा सख्खा थोरला भाऊ. सुहास दळवी, गावातला सगळ्यात मोठा बिल्डर, माझा नवरा. गावाचा विकास आराखडा मी कित्येकदा आमच्या जेवणाच्या टेबलावर, चटणीच्या वाटीखाली दाबून ठेवलेला पाहिला आहे.

तर हे यंत्र. त्याचं सरकारी नाव 'तटस्थ'. ते निघालं एका साध्या निरीक्षणातून. दोन माणसांचा एकमेकांवर जीव असला, की ती जवळ आल्यावर त्यांच्या शरीरांत बारीक बदल होतात. श्वासाची लय जुळायला लागते. एकाची नाडी दुसऱ्याच्या नाडीच्या मागे चालते, आवाज एका पट्टीत येतात, तळहाताचा घाम बदलतो. आई आणि तान्ह्या बाळात हे होतं, जुन्या मित्रांत होतं, पाठच्या भावंडांत तर हमखास होतं. शास्त्रज्ञांना हे पूर्वीपासून ठाऊक होतं, पण गावभर मोजायचं कसं हा प्रश्न होता. विमा कंपन्यांनी प्रत्येकाच्या मनगटावर आरोग्यपट्टी बांधली आणि तो प्रश्न सुटला. तुम्ही काय बोललात ते पट्टीला कळत नाही. कुणाच्या सहवासात तुमची नाडी कुणाकडे झुकली, एवढंच कळतं. या झुकण्याला त्यांनी नाव दिलं 'ओढ', आणि शून्य ते शंभर असे गुण.

ओढ दोन्ही बाजूंनी मोजायची आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. त्यामुळे एका बाजूची ओढ मेली, की दुसरीची कितीही असो, धागा शून्य. असे धागे धरत धरत यंत्र मत देणाऱ्यापासून निघतं आणि ठरावाचा फायदा ज्याला होणार त्याच्यापर्यंत पोचता येतं का ते बघतं. पोचलं तर त्या मताचं वजन तेवढं कमी. नवरा-बायकोची ओढ मात्र मोजत नाहीत. ती कायद्याने सरसकट शंभर धरतात. कायदा लिहिणारे बहुधा अविवाहित असावेत.

पहिल्या वर्षी राज्यभर करमणूक झाली. नाडी मंद करायच्या गोळ्या खाऊन एक सभापती भर सभेत घोरायला लागले. शेजारच्या गावच्या उपाध्यक्षांनी बायकोच्या नावावरच्या भूखंडासाठी रीतसर घटस्फोट घेतला. कायद्याचे शंभर गेले आणि खरी ओढ मोजायची वेळ आली, तेव्हा ती सत्त्याण्णव भरली, कारण सुटका झाल्यावर दोघं आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांशी प्रेमाने बोलायला लागली होती. मग हळूहळू पक्षांच्या लक्षात आलं, की ज्याच्यावर कुणाचाच जीव नाही आणि ज्याचा कुणावरच नाही, त्याचं मत कायम भरभक्कम राहतं. आमच्याकडे तिडके अण्णा नावाचे एक गृहस्थ आहेत. त्यांच्या दारचं कुत्रंसुद्धा शेजारच्या घरी जेवायला जातं. त्यांच्याकडे तिकीट घेऊन तीन पक्षांच्या गाड्या आल्या. लोकशाहीला निःपक्षपाती माणसं हवी होती. तिला माणूसघाणी मिळाली.

आता आमच्या घरची गोष्ट.

जुन्या जकात नाक्यामागे सफाई कामगारांची वसाहत आहे. ती जमीन नगरपरिषदेने खूप वर्षांपूर्वी त्यांच्याच पक्क्या घरांसाठी राखून ठेवली. घरं बांधली नाहीत, नुसती राखून ठेवली. तिथे विमल खुडे राहते. माझी आई शेवटचे आठ महिने अंथरुणावर होती, तेव्हा रात्रपाळीला विमल असायची. गाव वाढत वाढत त्या वसाहतीच्या चारी बाजूंनी पुढे गेलं, आणि एके दिवशी सुहासला साक्षात्कार झाला की ही जागा मोक्याची आहे. जमिनीवरचं आरक्षण उठवायचं, तिथे तीन मनोरे बांधायचे, आणि कामगारांना कचरा डेपोपलीकडे पत्र्याच्या खोल्या द्यायच्या, असा ठराव तयार झाला. अर्धा वाटा दादाचा, तोंडी. सभेत दोन्ही बाजू सारख्या होत्या, त्यामुळे सगळं दादाच्या निर्णायक मतावर येऊन थांबलं.

इथे यंत्राची खरी अक्कल कळते. दादा आणि सुहास वीस वर्षं एकत्र पार्ट्या करतात. एकत्र तिरुपतीला जातात, बँकॉकलाही जातात, आणि दोन्हीकडून सारख्याच प्रसन्न चेहऱ्याने परत येतात. पण पट्ट्यांवर त्यांच्यातली ओढ शून्य. एकाची नाडी दुसऱ्याकडे कधी एका ठोक्याने झुकली नव्हती. व्यवहाराला नाडी नसते. यंत्राला माया दिसायची, मतलब दिसत नव्हता. त्या दोघांना जोडणारा अख्ख्या गावात एकच जिवंत धागा होता. तो मी. सुहासशी कायद्याने शंभर आणि दादाशी मोजून एक्क्याण्णव.

हा धागा तोडायचा तर नाटक चालणार नव्हतं, पट्टीला नाटक कळतं. पण गुणाकारात एकच बाजू मोडली तरी पुरते. त्यांनी सोयीची बाजू निवडली.

आईच्या वर्षश्राद्धाला सगळे नातेवाईक जमले होते. पंगत बसली होती. वर्षापूर्वी आई व्हेंटिलेटरवर होती आणि डॉक्टरांनी आम्हा दोघांना बोलावून सांगितलं होतं की आता काही उरलेलं नाही, तुम्ही ठरवा. दादा त्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला होता. मला म्हणाला होता, "हर्षू, सही तू कर. माझ्याच्याने नाही होणार." मी केली. विमल शेजारी उभी होती. ती सही केल्यापासून माझा एकही दिवस धड गेला नव्हता, हे दादाइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

तोच दादा पंगतीत हात थांबवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आई अजून जगली असती. सही कुणी केली ते विचारा हिला. घाई झाली होती हिला."

मी सुहासकडे बघितलं. तो खीर वाढून घेत होता. आपण भावंडांच्या मध्ये पडत नाही, असं म्हणून त्याने वाटी पुढे सरकवली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगण्यात अर्थ नाही. मामी, मावश्या, चुलत बहिणी फोन करेनाशा झाल्या. बाजारात बायका माझ्याकडे बघून आवाज खाली करायच्या. रात्री मला खरंच वाटायला लागलं होतं की मी घाई केली. आणि दादाविषयी जे काही होतं, ते जळून गेलं. आठ-दहा दिवसांत धागा शून्यावर आला. मग सभा झाली, दादाने पूर्ण वजनाचं मत टाकलं, आणि वर्तमानपत्रात आलं की हिवरसांगीचे नगराध्यक्ष राज्यातल्या सर्वांत निःपक्षपाती लोकप्रतिनिधींपैकी एक आहेत.

मी मात्र गप्प बसणार नव्हते. दादावर बदनामीचा दावा लावायचा ठरवलं आणि विमलला साक्षीला येशील का म्हणून विचारलं. ती एका पायावर तयार झाली. हे कळलं तेव्हा कोर्टात सगळं बाहेर येईल म्हणून सुहास घाबरला आणि त्याने मला समोर बसवून सगळं सांगून टाकलं. मूर्ख मुलाला गणित समजावतात त्या सुरात. मनाला लावून घेऊ नकोस, दादाच्या मनात तसं काही नाही, पण तुला आधी सांगितलं असतं तर तुझा राग खरा झाला नसता. ठराव वर्षभर कच्चा असतो. तेवढं वर्ष निघू दे, दादा स्वतः येऊन तुझे पाय धरील.

"आणि पहिल्या मनोऱ्याला आईचं नाव देतोय आम्ही," तो म्हणाला. "सुशीला हाइट्स."

मी या माणसाबरोबर बत्तीस वर्षं राहिले. त्याला वाटलं होतं, हे ऐकून मला बरं वाटेल.

ठराव कच्चा असतो म्हणजे काय, तेही सांगते. यंत्र बनवणाऱ्यांना आपली माणसं चांगली माहीत होती. सभेआधी भांडायचं आणि सभेनंतर गळ्यात गळे घालायचे, हे होणारच. म्हणून त्यांनी कलम घातलं, की ठरावानंतर वर्षाच्या आत तुटलेला धागा पुन्हा जुळला, तर मताचं वजन मागच्या तारखेने कमी होईल आणि ठराव पडेल. लोक त्याला रुसवा-कलम म्हणतात.

म्हणजे विमलचं घर वाचवायचा एक मार्ग माझ्याकडे होता, आणि तो भयंकर होता. मला दादावर पुन्हा जीव लावायला हवा होता. तोंडदेखला नाही, खरा. आणि मला तर त्याची किळस येत होती. आधी निदान राग होता, रागात थोडी ऊब असते. सुहासने सांगितल्यावर तीही गेली. ज्या दुःखाने मी आतून पोखरले गेले होते, तेच नेमकं शोधून या माणसाने हत्यार म्हणून वापरलं होतं, तेही तीन मनोऱ्यांसाठी. त्याच्यावर माया कशी करायची?

तरी मी दावा बाजूला ठेवला आणि प्रयत्न केला. आपल्या पट्टीवर आपल्या बाजूची ओढ बघता येते. कुणाचा फोटो समोर धरला तरी ती थोडीफार हलते. मी आमचे जुने फोटो काढून बसायचे. शाळेच्या गॅदरिंगमधला दादा, माझ्या लग्नात उपरणं सावरणारा दादा. पट्टीवर शून्य. त्याने माझ्यासाठी काय काय केलं ते आठवायचे, आणि प्रत्येक आठवणीच्या टोकाला तो खिरीच्या पंगतीतला आवाज यायचा. शून्य. विज्ञान शिकवण्यात जन्म गेला, पण इतका निर्दय प्रयोग मी कधी केला नव्हता.

विमलला मी हे सांगितलं तेव्हा ती चिडली.

"माझ्या घरापायी तुम्ही त्या माणसाला माफ करू नका, ताई," ती म्हणाली. "मी असते तर केलं नसतं. आमचं आम्ही बघू, मोर्चा काढू."

मोर्चाने काय होतं ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. पत्र्याच्या खोल्यांचा पाया डेपोपलीकडे खणून झाला होता.

दिवाळी आली. दादा दरवर्षी टाऊन हॉलमध्ये सामुदायिक भाऊबीज करतो. स्टेजवर मखमली खुर्ची, तिच्यावर नगराध्यक्ष, आणि समोर वॉर्डावॉर्डांतल्या बायकांची रांग. प्रत्येकीने ओवाळायचं, प्रत्येकीला एक साडी. साड्या सगळ्या एकाच रंगाच्या, म्हणजे मतदानाच्या दिवशी ओळखायला बरं. पलीकडे मुख्याधिकारी बाई, सुहास आणि फोटोग्राफर. मी ठरवलं, इथेच जायचं. धागा जुळेल अशी मला फारशी आशा नव्हती. पण समोरासमोर दोन हातांच्या अंतरावर आल्याशिवाय पट्ट्या एकमेकींना धरत नाहीत, आणि दादा त्या पंगतीपासून मी दिसले की रस्ता बदलत होता. खुर्चीवर बसल्यावर त्याला रस्ता बदलता येणार नव्हता.

मी रांगेत उभी राहिले. विमल माझ्या मागे. सगळ्या बायकांच्या ताटात बॅटरीचे दिवे होते, दादाच्या कार्यालयाने वाटलेले. मी मात्र घरून ताट करून आणलं होतं. कुंकू, अक्षता, सुपारी आणि तुपाचं निरांजन.

मला बघून सुहासचा चेहरा उतरला. तो दादाच्या कानाशी वाकला. दादाने हसून मान हलवली. तो काय म्हणाला ते मला नंतर कळलं: "येऊ दे. तिची ओढ मेलीय, मी स्वतः मारलीय." यंत्र फसत नाही यावर त्याचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. त्याने फोटोग्राफरला जवळ बोलावलं आणि माइकवर सांगितलं, की आमची बहीण रुसली होती, पण बहीण ती बहीणच. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. मला वाटलं, ताट त्याच्या डोक्यात घालावं.

मी त्याच्यासमोर उभी राहिले. अत्तराचा वास, रंगवलेल्या मिशा, मनगटावर सोन्याच्या पट्ट्यात बसवलेली आरोग्यपट्टी. मी कुंकू लावलं. डोक्यावर अक्षता टाकल्या. आत काहीच हललं नाही. एखाद्या कार्यक्रमात पाहुण्याला ओवाळावं, तसं चाललं होतं. माझ्या पट्टीवर शून्य होतं आणि मला त्याचं एक प्रकारे समाधान वाटत होतं. हा माणूस त्याच लायकीचा होता.

मग मी ताट उचललं आणि निरांजन त्याच्या चेहऱ्यासमोर आणलं. दादाने डोळे मिटले.

नुसते मिटले नाहीत, घट्ट आवळले, आणि हनुवटी छातीत घातली. तो सहा वर्षांचा असताना चुलीचा जाळ अंगावर येऊन त्याच्या भुवया जळल्या होत्या. तेव्हापासून तो ज्योतीला भितो. एवढी सत्ता, एवढा पैसा, एवढा निर्लज्जपणा कमावला, पण ती भीती काही गेली नाही. बॅटरीचे दिवे उगाच नव्हते. आणि त्या मखमली खुर्चीवर, फोटोग्राफरसमोर, तो एकसष्ट वर्षांचा लबाड म्हातारा डोळे आवळून जळायची वाट बघत बसला होता.

माझा डावा हात माझ्या नकळत वर गेला. ज्योत आणि त्याचा चेहरा यांच्यामध्ये मी तळहात धरला. दर भाऊबीजेला धरत आले होते, अगदी ताट नीट पेलत नव्हतं तेव्हापासून. मी काही ठरवलं नव्हतं. तळव्याला आच लागली, आणि मी हलक्या आवाजात म्हटलं, "झालं, दादा. झालं."

त्याची हनुवटी सैल झाली. डोळे मिटलेलेच होते, पण आईने अंगावर पांघरूण ओढलं की मूल जसा श्वास सोडतं, तसा त्याने श्वास सोडला. आणि त्याच्याबरोबर माझाही श्वास सुटला. इतक्या हलक्या माणसावर माझा अजून जीव होता. मला त्याची लाज वाटली. मी तिथे, सगळ्यांसमोर, रडले, आणि रडतानाही मला त्याचा तिटकारा येतच होता. दोन्ही एकाच वेळी होतं, हे मला कुठल्याच पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं.

मुख्याधिकारी बाईंचा फोन वाजला. मग सभागृहात बसलेल्या नगरसेवकांचे, एकामागून एक. 'तटस्थ'चा निरोप सगळ्या सदस्यांना एकदम जातो. विरोधी पक्षाचा एक जण खुर्चीवरून उठलाच. सुहासने फोन बघितला आणि तो खाली बसला. जकात नाका वसाहतीचा ठराव पडला होता. धागा दोन्ही बाजूंनी जुळला होता. माझ्या बाजूने त्र्याऐंशी, दादाच्या बाजूने एकोणनव्वद.

दादाने डोळे उघडले तेव्हा त्याला फोन बघावा लागला नाही. सुहासचा चेहरा बघून त्याला कळलं. माइक बंद करून, दात आवळून तो म्हणाला, "मुद्दाम आलीस."

मी हो म्हटलं.

"म्हणजे सगळं नाटक होतं."

"नाटक असतं तर तुझा ठराव वाचला असता, दादा."

तो खाली मान घालून मनगटावरची सोन्याची पट्टी ओढून काढायला लागला, पण ती निघेना. मी ताट सावरलं आणि मागे उभ्या विमलला जागा करून देत स्टेजवरून खाली उतरले.